झरोक्यातला तारा

४ नोव्हेंबर

चि. मेहुण्यास,

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू येणेप्रमाणे.

राहत्या घराचा जिना, एकही पायरी कुरकुरत नाही. तुझ्या ताईचं शिलाई मशिन ठेवायचं टेबल, ज्याच्या कुठल्याही पायाखाली कागदाची घडी सरकवावी लागत नाही. भिंतीवरची तीन घड्याळं. दोन बरोबर चालतात, तिसरं बंद आहे कारण ते मी बंद केलंय. अंगणातला हातपंप. थोरलीचा पाळणा. आणि शेवटची वस्तू, आठ इंची दुर्बीण, आरशासकट.

"आरशासकट" हा शब्द परत वाच. लोक आरसा विकत आणतात आणि नळीत बसवून म्हणतात, मी दुर्बीण केली. मी काचेवर काच घासून आरसा केला. मधे ओली कुरुंदाची पूड, खाली पिंप, आणि पिंपाभोवती गोल गोल चालणारा मी. सात महिने. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण त्या आरशाचा खोलगटपणा कुठल्याही प्राध्यापकाने येऊन मोजावा. टेकडीवरच्या हॉटेलचा मालक गच्चीवर ठेवायला ती मागतो आहे. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

हे सगळं तुला का लिहितो? कारण तुझी ताई स्टुलावरून पडली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. तिची तुला दर महिन्याची पत्रं चुकू नयेत म्हणून ही लिहायची हमाली माझ्याकडे आली. मी म्हणालो, मी काय लिहू त्याला? ती म्हणाली, "तुमच्या आवडीच्या विषयावर लिहा," आणि आत निघून गेली. माझ्या आवडीचा विषय वर आला आहे.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही हे खरं आहे. भांडणात हात उचललास, तुझा भागीदार जिन्यावरून पडून मेला, आणि दोन घरं बसली. तू केलंस ते वाईट होतं. माझं मत बदललेलं नाही. ते बाजूला ठेवून ताईचा निरोप: तिथे तुला काय काय दिसतं ते लिही.

तुझा,
दाजी

ता. क. हे पत्र ज्या साहेबांनी आधी उघडलं असेल त्यांनाही नमस्कार.

१७ नोव्हेंबर

ती. दाजींना सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि बराकीत गाजलं. इथली एक पद्धत सांगतो. आम्ही बेचाळीस जण. त्यातल्या निम्म्यांना कुणाचंच पत्र येत नाही. म्हणून ज्याला येईल त्याने ते मोठ्याने वाचायचं, सगळ्यांसाठी. आधी एकट्याने चाळायचं नाही आणि वाचताना एक ओळसुद्धा गाळायची नाही. गाळली की लोकांना कळतं. आवाज अडखळतो.

त्यामुळे "तू केलंस ते वाईट होतं" हेही मोठ्याने वाचलं. तुमचं मत बरोबर आहे, दाजी. माझंही तेच आहे.

तुमच्या पाळण्याला आणि हातपंपाला दाद मिळाली. बंद घड्याळावर मात्र कंडक्टर उठून बसला. कंडक्टर म्हणजे आमच्यातला सगळ्यात म्हातारा. तीस वर्षं बसवर होता, आता चौदा वर्षं इथे. म्हणतो, "वायरमन, तुझ्या दाजीला विचार, बंद घड्याळाचं तिकीट अर्धं का पूर्ण?" मला इथे वायरमनच म्हणतात. बाहेरचा धंदा आत नाव होऊन येतो.

काय दिसतं विचारलंत. सकाळी पटांगण. लिंबाचं झाड. भिंत. दुपारी कामाची शेड. साडेपाचला मोजणी, आणि दार बंद. अंधार पडायच्या आत आम्ही आत. आतले दिवे रात्रभर चालू असतात, पहाऱ्याला माणसं मोजता यावीत म्हणून. तेव्हा खरं सांगायचं तर रात्र दिसत नाही. उजेड दिवसाचा असतो आणि मग ट्यूबचा असतो, एवढाच फरक. डोळ्यांवर पंचा टाकून झोपतो, तोही पहारेकरी काठीने बाजूला करतो, चेहरा दिसायला हवा म्हणून.

पण एक तारा आहे. बराकीच्या एका टोकाला छताशी झरोका आहे, त्याच्या बरोबर खाली एकच जागा अशी, की तिथे उताणं पडलं तर ट्यूबचा उजेड आड जातो आणि झरोक्यातून तो एकटा तारा दिसतो. ती जागा कुणाच्या मालकीची नाही. ज्याला ताप आला, ज्याचा अर्ज फेटाळला गेला, ज्याच्या घरून वाईट बातमी आली, त्याला त्या रात्री तिथे झोपवतात. कुणी ठरवलं माहीत नाही. कंडक्टर आला तेव्हाही होतं म्हणतो. पहारेकऱ्यांनाही माहीत आहे, तिथल्या माणसाला ते काठी लावत नाहीत.

ताईला सांगा, स्टुलावर चढायचं वय गेलं.

तुमचा,
मेहुणा

२५ नोव्हेंबर

चि. मेहुण्यास,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मी सहसा कुठलीही गोष्ट एकदाच वाचतो.

रात्र दिसत नाही! मी अठरा वर्षं रात्रीवर काम करतोय. अंधार हा माझा कच्चा माल आहे. शेजाऱ्याने अंगणात दिवा लावला तर मी त्याच्याशी चार महिने अबोला धरतो. आणि बेचाळीस माणसं वर्षानुवर्षं अंधाराशिवाय राहतात हे मला तुझ्या पत्रापर्यंत माहीत नव्हतं. तुरुंगात अंधार असतो असं मी समजत होतो. सगळे तसंच समजतात.

बरं. ताऱ्याचं. तारा कुठला हे मी इथे बसून सांगू शकतो, मात्र माहिती चोख हवी. खालील प्रश्नांची उत्तरं पाठव. झरोका कुठल्या दिशेला? जमिनीपासून किती उंच? रुंदी किती, गज किती? बाहेरच्या भिंतीपासून अंतर अंदाजे किती? तारा रात्रभर सरकतो का? रंग कोणता, लुकलुकतो का? रोज एकाच वेळी बघा. घड्याळ नसेल तर पहारेकरी किती वाजता कुठून फेरी मारतो ते टिपून ठेवा, म्हणजे वेळ आपोआप कळेल. सोबत कोरी आकृती पाठवतो, तीत झरोक्याची मापं भरायची. बाण मी काढून ठेवलेत.

कंडक्टरला सांग, माझं बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, तेव्हा पूर्ण तिकीट.

दाजी

२० डिसेंबर

ती. दाजींना सा. न.

उशीर झाला, त्याचं कारण ऐका.

तुमची आकृती टपालाच्या टेबलावर उघडली गेली. दुसऱ्या दिवशी मला कचेरीत बोलावणं. अधीक्षक बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "हे काय आहे?"

म्हटलं, "तारा आहे, मॅडम."

"झरोक्याची उंची. गजांची संख्या. भिंतीपासूनचं अंतर. पहाऱ्याची वेळ आणि मार्ग. वर बाण. हा तारा?"

दाजी, त्या क्षणी मला तुमचा जेवढा राग आला तेवढीच हसायची उबळ आली. हसलो असतो तर मेलो असतो. पार तुमच्या जिन्यापासून आरशापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी आकृती उलटी करून बघितली. मग विचारलं, "तुमचे दाजी करतात काय?"

म्हटलं, "सगळंच करतात, मॅडम. आणि मग ते सांगतातही."

त्या ओठ दाबून खिडकीबाहेर बघू लागल्या. शेवटी म्हणाल्या, गजांचं आणि भिंतीचं लिहायचं नाही, आकाशाचं लिहा. आकाश माझ्या हद्दीत येत नाही.

तर कंडक्टरने सांगितलेली आणि सगळ्यांनी तपासलेली उत्तरं: झरोका दक्षिणेला. तारा रात्रभर सरकत नाही. उन्हाळा-हिवाळा जागा तीच, चौदा वर्षं तीच. रंग नारिंगीकडे झुकणारा. लुकलुकत नाही, स्थिर जळतो. कंडक्टर म्हणतो, "नाव काय असेल ते असो, खानदानी तारा आहे. जागा सोडत नाही."

सगळे वाट बघतायत. शिवणकामात एक शिंपी आहे, कमी बोलणारा, तो रोज विचारतो, दाजींचं आलं का?

तुमचा,
मेहुणा

२८ डिसेंबर

चि. मेहुण्यास,

उत्तरं उत्तम आहेत. इतकी चोख निरीक्षणं मला शिकल्यासवरलेल्यांकडूनही मिळालेली नाहीत. कंडक्टरचं अभिनंदन.

आता निष्कर्ष. आकाशात रात्रभर जागा न सोडणारा तारा एकच, ध्रुव, आणि तो उत्तरेला. दक्षिणेला असा तारा नाही, असूच शकत नाही. बाकी सगळे उगवतात, सरकतात, मावळतात, ऋतूप्रमाणे बदलतात. त्यात रंग नारिंगी आणि लुकलुकणं नाही. सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. तुमचा तारा हा तारा नाही. उंच खांबावरचा किंवा मनोऱ्यावरचा विजेचा दिवा आहे. अंतर फार नसावं. मला शंभर टक्के खात्री आहे.

कोडं सुटलं याचा आनंद वाटतो. कुणाला पुरावा हवा असल्यास तोही पाठवीन.

ताईचं प्लास्टर निघालं, पण बोटं अजून आखडतात. म्हणून पेन माझ्याकडेच.

दाजी

२२ जानेवारी

ती. दाजींना नमस्कार.

पत्र मिळालं. पद्धतीप्रमाणे आधी न चाळता, मोठ्याने वाचायला घेतलं. "ध्रुव उत्तरेला" इथे आलो तेव्हा पुढे काय येणार ते मला कळलं. पण थांबता येत नाही. वाचलं शेवटपर्यंत. "आनंद वाटतो" हेही.

मग कंडक्टर म्हणाला, "म्हणजे चौदा वर्षं मी एका बल्बला शुभ रात्री म्हणतोय." कुणी हसलं नाही. तोही नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शिंप्याची आई गेली. तार आली संध्याकाळी. जायला परवानगी नाही, सोबत द्यायला शिपाई नव्हते. लोकांनी झरोक्याखालची जागा झाडून त्याची वळकटी तिथे नेली. शिंप्याने ती उचलून परत आपल्या जागी आणली. म्हणाला, "दिव्याखाली कशाला झोपू? दिवे इथे काय कमी आहेत?"

तेव्हापासून ती जागा रिकामी आहे.

तुम्ही खोटं लिहायला हवं होतं असं मी म्हणत नाही. तुम्हाला ते जमलंही नसतं. एवढंच सांगतो. माझ्या निकालाची प्रत माझ्याकडे आहे, मला ती जवळपास पाठ आहे. तीत माझं स्वातंत्र्य जन्मभरासाठी काढून घेतलंय असं लिहिलंय, आणि ते मी कबूल केलंय. आकाश काढून घेतलंय असं कुठेच लिहिलेलं नाही. आई गेल्यावर रडायला अंधार मिळणार नाही, असंही नाही. ते कुणी लिहिलं नाही, ते आपसूक झालं.

ताईला नमस्कार.

मेहुणा

३० जानेवारी

प्रिय मेहुण्या,

मी लिहिलेला एकही शब्द चुकीचा नाही. हे आधी नोंदवतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

तुझं पत्र मी ताईला वाचून दाखवलं, तुमच्या पद्धतीने, काही न गाळता. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

मी म्हणालो, "विचारलं होतं. कुठला तारा म्हणून."

"त्यांनी नाही विचारलं. तुम्ही त्यांना विचारलंत. त्यांनी आपलं जे होतं ते सांगितलं."

ती बरोबर बोलली. तिचं बरोबर असतं तेव्हा ती आवाज खाली करते, त्यावरून कळतं.

माझ्या कामाच्या खोलीचा नियम आहे. माझ्या हातून मोडलं, की माझ्याच हाताने दुरुस्त करायचं, दुसऱ्याकडे द्यायचं नाही. तुमचा तारा माझ्या हातून मोडला. नवा मला करता येत नाही. पण खरे आहेत ते सगळे माझ्या ओळखीचे आहेत. अधीक्षक बाईंना आज पत्र टाकलं आहे. दुर्बीण घेऊन येतो म्हणून.

शिंप्याला सांग. नको, काही सांगू नकोस. हे तू वाचशीलच.

दाजी

५ मार्च

प्रिय मेहुण्या,

परवा मी तुझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होतो आणि तू शेडमध्ये कुलपात होतास. बाईंची अट होती ती. बाहेरून येणाऱ्याचा नातेवाईक त्या वेळी पटांगणात नको. मी हुज्जत घातली. त्या म्हणाल्या, "तुमच्या मेहुण्याने स्वतःच सांगितलं, मला बंद ठेवा पण दुर्बीण येऊ द्या." तू हे मला लिहिलं नव्हतंस.

तेव्हा तुला न दिसलेलं सगळं सांगणं माझ्याकडे लागतं. पहिल्यापासून सांगतो.

बाईंनी आधी सरळ नाही म्हटलं होतं. लोखंडी नळी चालणार नाही. आरसा चालणार नाही, काच चालणार नाही. अंधार पडल्यावर दार उघडणं तर नाहीच. "तुम्हाला वाटतं मी दुष्ट आहे," त्या म्हणाल्या. "रात्री बराक उघडली आणि मोजणीत एक कमी आला, तर दुसऱ्या दिवशी मीच आत असेन."

मी म्हणालो, रात्र नको, दुपार द्या. चंद्र दुपारीही असतो. त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की मला त्यांना कचेरीबाहेर न्यावंच लागलं. पाच वाजले होते. छपरावर, उजेडात, फिकट चंद्र. दुर्बीण मी टेम्पोत घालून आणलीच होती. लावली. त्यांनी डोळा टेकवला. शिपाई दोनदा सही घ्यायला आला आणि दोनदा परत गेला. पुष्कळ वेळाने त्यांनी मान वर केली आणि नुसत्या डोळ्यांनी चंद्राकडे बघितलं, परत भिंगात बघितलं. म्हणाल्या, "हे खरंच आत्ता तिथे आहे?"

मी म्हणालो, "रोज असतं."

मग बाईंनी परवानगी दिली, आरशासकट, फक्त लोखंड नको. नळी मी लाकडाची केली, आठ पट्ट्यांची. एकही स्क्रू नाही, सगळ्या खुंट्या. महिना गेला. फाटकावर शिपायांनी आरसा उलटा-सुलटा करून बघितला. त्यातल्या एकाने त्यात मिशी पाहिली. उलटी दिसली म्हणून घाबरला.

चार वाजता तुमची बराक ओळीने पटांगणात आली. मला वाटलं होतं तसा कुणाचाच चेहरा नव्हता. मी काय कल्पना केली होती कुणास ठाऊक. दुकानाबाहेर रांगेत असतात तशी माणसं. एक म्हातारा रांगेच्या कडेने फिरत होता, "पुढे सरका, पुढे जागा आहे, दारात उभे राहू नका," म्हणत. ओळख करून द्यावी लागली नाही.

चंद्र वर लिंबाच्या डोक्यावर, अर्धा. पण भिंग नळीच्या बाजूला असतं, तेव्हा बघणारा भलतीकडेच तोंड करून उभा राहतो. एक पोरगेलासा कैदी म्हणाला, "काका, चंद्र तिकडे आणि तुम्ही मला संडासाकडे बघायला लावता." सगळे हसले. मग त्याने डोळा टेकवला.

मेहुण्या, मी अठरा वर्षं लोकांना चंद्र दाखवतोय. लोक "वा" म्हणतात, "किती छान" म्हणतात आणि आपल्या मुलांना उचलून धरतात. त्या पोराने हात मागे बांधले. साहेबांपुढे बांधतात तसे. त्याच्या मागच्यानेही तसंच केलं. मग पुढच्या प्रत्येकाने. कुणी सांगितलं नव्हतं. एक जण चपला काढून उभा राहिला. मी त्या चंद्राचा मालक असल्यासारखा वावरत होतो, मेहुण्या, आणि मला एकदम माझ्या चपला पायात जड झाल्या. चंद्रावरचा एकेक खड्डा मला नावानिशी पाठ आहे आणि तरी तो मी पहिल्यांदा बघतोय असं वाटलं, त्यांच्या पाठींवरून.

शिंपी आला. बघत राहिला. मग म्हणाला, "पळतोय."

दुर्बीण स्थिर ठेवली की चंद्र भिंगातून सरकत बाहेर जातो. नळी हलकेच ढकलावी लागते. मी म्हणालो, तो नाही पळत. आपण फिरतोय. पृथ्वी फिरते ती तुम्हाला आत्ता डोळ्यांनी दिसतेय.

"आपण म्हणजे?"

"आपण सगळे."

"भिंत?"

"भिंत, झाड, फाटक, मॅडमची कचेरी. सगळ्यासकट."

तो परत वाकला. चंद्राची कड भिंगातून पार निघून जाईपर्यंत हलला नाही. रांगेत हे पुटपुटत मागे गेलं. आणि कंडक्टर, जो इतका वेळ रांग हाकत होता, तो मधेच थांबला. त्याने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा वर. त्याचा नंबर आला तेव्हा मी मुद्दाम नळीला हात लावला नाही. चंद्र त्याच्या डोळ्यादेखत पूर्ण निघून गेला. तो सरळ झाला, आणि अगदी हळू, मलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी चालू आहे. मला वाटलं होतं, डेपोत लागली."

मी नळी परत चंद्रावर आणली.

साडेपाचला मोजणी झाली. मी दुर्बीण आवरायला घेतली, आणि मग नाही आवरली. तू बघितलेलं नाहीस. शिंप्याला मी नळी दोन बोटांनी कशी ढकलायची ते शिकवलं, त्याचा हात माझ्याहून हलका आहे. दुर्बीण तिथेच राहील, बराकीची म्हणून. बाईंना तसं लिहून दिलं आहे.

सोबत कागदावर काही खरे तारे लिहून देतो. मृगाचे तीन, एका रेषेत. व्याध, सगळ्यात तेजस्वी. अंधार कधी मिळाला तर.

दाजी

५ एप्रिल

ती. दाजींना सा. नमस्कार.

अंधार मिळाला.

सांगतो, पण आधी एक कबुली. मी वायरमन. इथे आलो त्या पहिल्याच आठवड्यात मला हिवताप झाला आणि झरोक्याखाली झोपवलं. बघितल्याबरोबर ओळखलं, सोडियमचा दिवा. जन्म गेला माझा ते लावण्यात. पण शेजारी कंडक्टर माझ्या कपाळावर ओला फडका ठेवत म्हणत होता, "दिसला ना? आता बरं वाटेल." आणि दाजी, वाटलं. म्हणून नऊ वर्षं गप्प बसलो.

आता परवाचं. चंद्र पुन्हा अर्धा झाला, तसा बाईंनी हुकूम काढला: महिन्यातून एकदा, अर्ध्या चंद्राला, आमच्या बराकीचं दार साडेआठला बंद होईल. मोजणी दोनदा, दारातून बाहेर पडताना आणि आत येताना. पहिली मोजणी शिपायाची, तिच्यावर कंडक्टरची. शिपाई चुकला, कंडक्टर नाही. "माझ्या गाडीतून बिनतिकिटाचा कुणी उतरलेला नाही," म्हणाला.

चंद्र मी बघितला. तुम्ही लिहिलं होतं तरी मी तयार नव्हतो. तो एवढा खरा असेल असं वाटलं नव्हतं. हात माझेही मागे गेले.

मग बाई म्हणाल्या, पटांगणाचे दिवे अर्धा तास बंद करा. मुख्य स्विचला हात लावायला शिपाई तयार होईना. जुना बोर्ड, ठिणग्या उडतात. बाईंनी माझ्याकडे बघितलं. दाजी, मी आयुष्यात हजारो घरांत दिवे लावलेत. लोक टाळ्या वाजवतात दिवे लागले की. परवा मी खटका खाली ओढला, आणि आकाश खाली आलं.

दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत. ते वर लांब नव्हतं, भिंतीच्या कडेपासून सुरू होत होतं. माणसं आपोआप खाली बसली, काही आडवी झाली. कुणीतरी तुमचा कागद पाठ म्हणत होतं, मृगाचे तीन, एका रेषेत. कंडक्टर म्हणाला, "हे रोज होतं?" आणि कुणी उत्तर दिलं नाही, कारण रोज होतं. शिंपी थोडा बाजूला भिंतीला टेकून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. चेहरा कुणालाच दिसत नव्हता. त्यासाठीच तर अंधार असतो.

पाव तास उरला तेव्हा कंडक्टर उठला. म्हणाला, "आता आपला दाखवा."

"आपला कुठला?"

"दक्षिणेचा. बल्ब तर बल्ब. चौदा वर्षांची ओळख आहे."

बराकीच्या ओट्यावर चढलं की भिंतीवरून तो दिसतो. दुर्बीण चौघांनी उचलून ओट्यावर नेली. शिंप्याने नळी वळवली, भिंग आत-बाहेर केलं. मग म्हणाला, "माणूस आहे."

मी बघितलं. उंच मनोरा, बहुतेक गोदामांच्या आवारातला. टोकाला दिवा, दिव्याखाली काचेची लहानशी खोली, आणि खोलीत एक पहारेकरी. तुमच्या आरशाच्या कृपेने डोकं खाली, पाय वर. तो उभा होता. काचेला दोन्ही हात लावून, नाक टेकवून, थेट आमच्याकडे बघत होता.

मला कळायला क्षणभर लागला. आमचे दिवे गेले होते ना! तोही तिथे वर्षानुवर्षं रात्रभर एकटा बसत असेल, समोर आमचे दिवे बघत. आज पहिल्यांदा ते विझले. म्हणून तो उठला.

सगळ्यांनी एकेकदा बघितलं. कंडक्टरने सगळ्यात शेवटी. डोळा न काढता त्याने डावा हात वर केला आणि हलवला. अंधारात त्या माणसाला काय दिसणार! पण आमच्यातल्या बऱ्याच जणांनी हात वर केले. बाईंनीही केला होता असं शिपाई सांगतो, मी नाही बघितला.

दिवे लावले. मोजणी पूर्ण भरली. आत आल्यावर शिंप्याने आपली वळकटी उचलली आणि झरोक्याखाली टाकली. आई जाऊन अडीच महिने होत आले होते. कुणी त्याला उशीर झाला म्हणालं नाही.

तुमचा,
मेहुणा

१२ एप्रिल

प्रिय मेहुण्या,

तुझं पत्र ताईला वाचून दाखवताना मी एका ठिकाणी अडखळलो. काही गाळलं नाही. तरी तिने मान वर करून बघितलं.

तिची बोटं आता नीट वळतात. पुढच्या महिन्यापासून ती लिहील. मीही लिहीन, वेगळ्या पाकिटात. तिला माझ्या ओळी वाकड्या वाटतात.

तू दिवा ओळखला होतास आणि गप्प राहिलास. मी दूर बसून ओळखला आणि लिहून कळवला. माझं गणित बरोबर होतं. पण त्या दिव्याखाली माणूस असेल हे माझ्या गणितात नव्हतं. मनोऱ्यावरच्या त्या गृहस्थाला कुणीतरी कळवायला हवं, की त्या दिवशी काय झालं होतं. पत्ता शोधतो आहे.

काल टेकडीवरचा हॉटेलवाला परत आला. कामाच्या खोलीत दुर्बिणीची जागा रिकामी बघून त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, "परत मागून घ्या. तुरुंगाला मी बाजारातली नवी कोरी देतो. कैद्यांना काय फरक पडतो त्यात?"

मी त्याला म्हणालो, तुमच्या गच्चीवर लोक जेवता जेवता बघतील. तिथे चपला काढून बघतात.

त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. त्याने खिशातून चेकबुक काढलं, आकडा लिहिला, फाडून तुझ्या ताईच्या मशिनच्या टेबलावर ठेवला. त्याच टेबलावर, ज्याचे चारही पाय जमिनीला टेकतात. मी चेक वाचला, घडी घातली आणि त्याच्या वरच्या खिशात ठेवून दिला. आकडा तुला मुद्दाम लिहितो, कारण तू हे मोठ्याने वाचशील आणि शिंप्याला, कंडक्टरला, सगळ्यांना कळायला हवं की त्यांच्या ओट्यावर काय उभं आहे. मी नाही म्हणालो, तो आकडा होता चार लाख पंच्याहत्तर हजार.